उरलेल्या गोळ्यांची पिशवी

लघवी अडवून धरता येणारी बाई आमच्या रोवणीच्या टोळीत पक्की कामकरीण समजली जाते. नव्या सुनेची परीक्षा ह्याच्यावरच होते. सकाळी बांधीत, भाताच्या खाचरात, उतरायचं, चिखलात वाकायचं, ओळीनं धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत मागं मागं सरकायचं आणि दुपारच्या जेवणालाच धुऱ्यावर यायचं. मध्येच जी उठली तिची जागा ओळीत रिकामी पडते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना तिचा पट्टा ओढावा लागतो. आमच्याकडे रोवणी हुंड्यानं घेतात, म्हणजे अमुक बांध्या लावून द्यायच्या आणि ठोक ठरलेली मजुरी सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायची. त्यामुळे एकीचं उठणं सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. उठावं लागू नये म्हणून सकाळपासून कोणी पाणीच पीत नाही.

आणि उठून जायचं तरी कुठं? आमच्या दिघोरी गावाच्या आसपास नजर जाईल तिथवर सपाट बांध्या. दोन बांध्यांमधले मातीचे धुरे गुडघाभर उंच. एखादं पळसाचं झुडूप असलंच, तर त्याच्या आडोशाला ट्रॅक्टरवाला आधीच बिडी ओढत बसलेला असतो. मालकाचा माणूस छत्री घेऊन धुऱ्यावर उभा असतो आणि ओळीतून कोणी निघालं की त्याची मान तिच्यामागं फिरते. पाऊस जोरात असला की काही बायका बांधीत उभ्या उभ्याच मोकळ्या होतात. "आभाळ हाये तोवर आपला संडास हाये," असं आमची काकू म्हणते आणि सगळ्या हसतात. मीही हसलेली आहे. मग त्याच पाण्यात हात खंगाळून सगळ्या जेवायला बसतात. लहानपणी मला ह्यात काही वाटत नव्हतं. आता वाटतं.

ह्या टोळीची मुकादम माझी आई. हुंडा ठरवणं, ओळ लावणं, भांडणं मिटवणं हे तिचं काम. काकू म्हणजे तिची चुलत जाऊ, ओळीत कायम तिच्या डाव्या हाताला. आणि बाबा म्हणजे आमच्या घरचं वाचनालय. ते मजुरीच करत, पण सभांमध्ये भाषणं देत आणि दरवर्षी ऑक्टोबरात नागपूरहून पिशवीभर पुस्तिका आणत. बाराखडी झाल्यावर मी थेट पुस्तिकाच वाचायला लागले. कोणाची गुलामी कशी तुटली, बाईनं का शिकावं, देवळाच्या दानपेटीत काय दडलं आहे, हे सगळं मला गोष्टींच्या आधी कळलं. राग करायलाही मी तिथंच शिकले आणि शुद्धलेखनही.

टोळीकडे एक प्लास्टिकची पिशवी होती. ती आईच्या शिदोरीच्या टोपलीत असायची. तिच्यात गोळ्या. कोणाच्या सासऱ्याच्या गळवाच्या, कोणाच्या नवऱ्याच्या दाढेच्या, कोणाच्या लेकराच्या खोकल्याच्या, सगळ्या उरलेल्या. आमच्याकडे ताप उतरल्यावर गोळ्या खात राहणं म्हणजे पोट भरल्यावर ताटावर बसून राहणं. उरलं ते टोळीचं. जिचं उरलं तिनं आणून टाकायचं, जिचं दुखलं तिनं काढून न्यायचं. नावं कोणाला वाचता येत नव्हती, वाचून उपयोगही नव्हता, कारण पाकिटं अर्धी कापलेली. रंगावर काम चालायचं. पिवळी जळजळीची. लाल-काळी तापाची. चिखलानं बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्या की तीच लाल-काळी फोडून तिची भुकटी भेगेत भरायची.

बाबांना ह्या पिशवीचा फार अभिमान. "हे खरं संघटन," ते म्हणायचे. "ना अध्यक्ष, ना सचिव, ना घोटाळा."

आईला जळजळ पहिल्यांदा कधी झाली ते तिलाही सांगता येत नाही. ओळीतल्या जवळपास प्रत्येकीला ती होतेच. लघवीला आग, ओटीपोटात ओढ, थेंब थेंब होणं. पिशवीतली पिवळी घेतली की दुसऱ्या दिवशी आराम. मग गोळी बंद. काही आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा पिवळी. पुढं पुढं एका पिवळीनं भागेना. मग पिवळीबरोबर लाल-काळी. मग तिनंही भागेना, तेव्हा मोटारसायकलवर पेटी बांधून फिरणारा डॉक्टर. त्याला डॉक्टर म्हणताना माझी जीभ अडते. तो ओट्यावर बसून, आधीच्या माणसाला टोचलेली सुई कुठं ठेवली ते न बघता दुसरी काढायचा, आणि कमरेच्या वर, लुगड्यावरूनच टोचायचा. काय होतं हे त्यानं कधी विचारलं नाही. "ताप हाये का आग हाये?" एवढंच. दोन्हीला सुई एकच.

त्याच्या पलीकडे मोठ्या रस्त्यावरचं मेडिकल. काउंटरवरचा माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत, त्याच बोटांनी पाकीट धरून कात्रीनं दोन गोळ्या कापून द्यायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "चिठ्ठी नाही मागत का तुम्ही?"

"कायची चिठ्ठी?"

"डॉक्टरची."

"घ्याचं असन तं घ्या, नाहीतर जा मॅडम," तो बाजूला पिंक टाकून म्हणाला. "तुमच्या मायले आग होऊन राहिली, मले नाही."

मागं उभ्या असलेल्या लोकांत हशा पिकला. मी गोळ्या घेऊन घरी आले.

त्या पावसाळ्यात टोळीनं मोठी रोवणी घेतली होती. मी एम.ए.ची परीक्षा देऊन घरी होते आणि ओळीत उतरले होते. दुपारच्या आधी पऱ्ह्यांची जुडी आईच्या हातातून निसटून पाण्यावर तरंगायला लागली. उकाड्यात तिला हुडहुडी भरली होती, दात वाजत होते.

"काय वो बाई, कोण पाहिला धुऱ्यावर? एवढ्या कापून राहिल्या," काकू म्हणाली. ओळ हसली. मग आई तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसली आणि ओकली.

छत्रीवाला धुऱ्यावरून ओरडला, "वर काढा जी तिले. लावलेला धान दबून राहिला."

मी आणि काकूनं तिला धुऱ्यावर ओढलं. तिच्या अंगाला हात लावला तर भाजत होतं. कमरेच्या वर, पाठीला, उजव्या बाजूला बोट लागलं तशी ती कळवळली. काकूनं टोपलीतून पिशवी काढली, दोन पिवळ्या आणि एक लाल-काळी तिच्या तोंडात घातली. प्रेमानं घातली. त्या क्षणी तिच्याजवळ द्यायला जे होतं ते तिनं सगळं दिलं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "दोन बांध्या राहिल्या. त्या झाल्या की नेऊ. मुकादमच नसली तं टोळी विखरन."

मी व्हॅनवाल्याला फोन केला आणि पिशवी माझ्या झोळीत टाकली. कारध्याच्या पुलावर आलो तेव्हा वैनगंगा काठोकाठ भरून गढूळ वाहत होती. आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून बडबडत होती की ओळ वाकडी चालली आहे, डावीकडून सरळ करा.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ज्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं त्या वयानं माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी आईच्या पाठीवर हलकेच मूठ मारून पाहिली. आई किंचाळली.

"आधी काय औषध घेतलं?"

"काहीच नाही जी," आई म्हणाली.

मी झोळीतली पिशवी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी केली. रंगीबेरंगी तुकडे टेबलभर पसरले. एक-दोन घरंगळून खाली पडले. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी खाली पडलेले तुकडेही उचलून टेबलावर ठेवले.

"ह्यातलं कुठलं?"

"पिवळी. नाही जमलं तं ते लाल."

"किती?"

"बरं वाटेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"दोन," आई म्हणाली. "लय झालं तं तीन."

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं. जंतू लघवीच्या वाटेनं वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. रक्तात उतरले तर आई हातची जाऊ शकते. लघवीचा नमुना तपासायला पाठवला आहे, तिथं त्यातले जंतू वाढवतील आणि एकेक औषध त्यांच्यावर घालून बघतील की कशानं मरतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजानं एक औषध सलाईनमधून द्यायचं. "अंदाज बरोबर निघाला तर उद्या ताप उतरेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही.

बाबा आले होते. वॉर्डाबाहेर गावचे दोघं-तिघं भेटायला उभे होते. "काय झालं वहिनीले?" एकानं विचारलं. बाबा म्हणाले, "टायफाईड."

मी त्यांना चहाच्या टपरीकडे बाजूला नेलं. "टायफाईड काहून सांगितलं?"

"मग काय सांगू वो लोकाईले?"

"जे झालं ते सांगा. लघवीत जंतू झाले म्हणून सांगा."

"हळू बोल," ते इकडं तिकडं बघत म्हणाले. "बाई माणसाचं असं चौकात सांगतात का?"

ह्याच माणसानं मला स्त्रीमुक्तीवरची पहिली पुस्तिका दिली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्यांची शिसारी आली. तोपर्यंत माझी सगळी किळस त्या पेटीवाल्यासाठी आणि खर्रावाल्यासाठी राखीव होती. ती घरापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. आईची शुद्ध हरपत होती ती एका अशा रोगानं, ज्याचं नाव घ्यायला सभा गाजवणारा माणूस लाजत होता. नाव घेतलं नाही की तपासणी नाही, तपासणी नाही की पिशवी. लाजेचा आणि त्या पिशवीचा संबंध मला त्या टपरीवर कळला.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो माझ्यासमोर वाचला. पिवळीला हे जंतू जुमानत नव्हते. लाल-काळीला नाही. पेटीवाल्याच्या सुईत जे असायचं त्यालाही नाही, आणि अंदाजानं सुरू केलेल्यालाही नाही. मोजकी औषधं उरली होती, तीही फक्त सलाईनमधून देण्यासारखी. "हे आम्ही कपाटात मागं ठेवतो," त्या नवीन बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "सहज कोणाला देत नाही. सगळ्यांना द्यायला लागलो तर हेही पिवळीसारखं होईल."

"तिच्या शरीराला गोळ्यांची सवय झाली का?" मी विचारलं. गावात असंच म्हणतात.

"शरीराला काही होत नाही. जे होतं ते जंतूंना."

त्यांनी समजावलं ते मी आईला पुढं शेतातल्या भाषेत सांगितलं. धुऱ्यावरच्या तणावर आपण औषध मारतो. नाजूक तण जळतं, एखादं चिवट जगतं. पुन्हा पुन्हा मारलं, तेही अर्धवट, की चिवटाचंच बी पडत जातं आणि एक दिवस सगळा धुरा चिवटाचाच होतो. पोटातल्या जंतूंचं तसंच. कोणी मुद्दाम शिकत नाही, एखाद्यात आधीच ती ताकद असते, आणि आपण बाकीच्यांना मारून त्याला मोकळं रान देतो. दाढेसाठी घेतलेली गोळी आतड्यातल्या जंतूंवरही जाऊन पडते. तिथं चिवट उरलेले पुढं लघवीच्या वाटेला लागतात. आणि एक गोष्ट तणात नाही ती ह्यांच्यात आहे. औषधातून वाचायची युक्ती एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा.

म्हणजे त्यांचीही टोळी होती. त्यांचीही पिशवी होती आणि ती आमच्या पिशवीपेक्षा चांगली चालत होती.

हे कळल्यावर मला झोप लागेना. ओळीतल्या बायका एकाच पाण्यात उभ्या, त्याच पाण्यात मोकळ्या होणाऱ्या, त्याच पाण्यात हात धुणाऱ्या. आईच्या अंगात जे होतं ते तिच्या एकटीचं असेल कशावरून? डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, असे जंतू आजारी न पाडताही माणसाच्या पोटात राहतात आणि हातांवरून, पाण्यातून दुसरीकडे जातात. म्हणून नर्स आईला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुते. मी बघितलं, खरंच धुत होती. आयुष्यात आईला स्पर्श करून कोणी हात धुतला की आम्ही त्याचा विटाळ हा एकच अर्थ लावत आलो. हा पहिला हात असा की जो तिच्यासाठी आणि पुढच्या खाटेवरच्या बाईसाठी धुतला जात होता.

बाटली बदलल्यावर आईचा ताप ओसरायला लागला. ती उठून बसली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पिशवीचं काय करू म्हणून विचारलं. ती नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकायची नाही, तिथंही ह्या गोळ्या तेच करतात, असं त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "ठेवून घ्या जी." तिच्या तोंडून ते निघालं तेव्हा मी तिथं होते. ती टोळीची मुकादम म्हणून बोलली होती आणि टोळीला विचारलेलं नव्हतं.

काकू आली ती उकडलेली अंडी घेऊन. "काय वो बाई, राणीवानी झोपल्या. आमची इकडं कंबर मोडली तुमच्या वाटची ओळ ओढून." दोघी हसल्या. अंडं सोलून तिनं आईच्या हातावर ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पिशवी कुठं हाये? मलेबी आग होऊन राहिली. पिवळी दे वो पोरी एखादी."

"पिशवी नाही हाये," आई म्हणाली.

"कुठं गेली?"

"डॉक्टरीणबाईले देल्ली."

"टोळीची पिशवी देल्ली?" काकूच्या हातातलं दुसरं अंडं तसंच राहिलं. "कोणाले विचारलं?"

मी मध्ये पडले. "काकू, इथंच लघवी तपासून घ्या ना. कोणती गोळी लागते ते कळन, पुरी घ्याल तं—"

"तू चूप बस वो. पुस्तकं वाचू वाचू मायले वाया घालवलं." ती उभी राहिली. "तुमचं झालं ना आता. पलंग भेटला, बाटली भेटली, डॉक्टरीण भेटली. आमच्याजवळ त्या चार गोळ्याच होत्या, त्याबी नेल्या. मस्त संघटन हाये."

ती गेली. आई म्हणाली, "जा, थांबव तिले." मी फाटकापर्यंत धावले, पण ती ऑटोत बसली होती आणि तिनं वळून पाहिलं नाही.

नंतर कळलं की ती पेटीवाल्याकडून सुई टोचून घेऊन बरी झाली. निदान बरं वाटलं. गावभर सांगितलं की काही खर्च नाही, काही तपासणी नाही, दुसऱ्या दिवशी ओळीत हजर. बहुतेक वेळा बरं वाटतं, म्हणून तर हे सगळं चालतं.

घरी आल्यावर मी एक पत्रक लिहिलं. दुसरं मला काय येतं! उरलेली गोळी कोणाला देऊ नका, कोणाची घेऊ नका, डॉक्टरनं सांगितल्या तेवढ्या दिवस घ्या, सर्दीखोकल्याला ही औषधं मागू नका, पेटीवाल्याला दारात उभं करू नका, लघवीला आग झाली की तपासणी मागा. बाबांनी वाचलं. "विषय चांगला हाये," ते म्हणाले. "तेवढा एक शब्द बदल. 'स्त्रियांचे आजार' लिही."

"पुरुषांना लघवी होत नाही का?"

मी शब्द बदलला नाही. त्यांनी पत्रकं वाटली, पण अशी घडी घालून की तो शब्द आत जावा. एवढी सुबक घडी त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कागदाला घातली नसेल.

पत्रकात एक भोक होतं आणि ते आईनं दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी निरोप देताना तिला बजावलं होतं की भरपूर पाणी प्या, लघवी अडवू नका, नाहीतर पुन्हा होईल, आणि पुन्हा झालं तर त्या वेळी कपाटात मागं काही उरलेलं असेलच असं नाही. आई म्हणाली, "पाणी पिऊ, मग जाऊ कुठं? हे कुठं लिहिलं तू?"

लिहिलं नव्हतं.

उन्हाळी धानाची रोवणी आमच्याकडे थंडीत होते. तेव्हा पाऊसही नसतो. हुंडा ठरवायला आई मालकाच्या अंगणात गेली, मागं टोळीतल्या पाच-सहा जणी आणि मी. काकू होती, पण आईशी बोलत नव्हती. मजुरीचं झाल्यावर आई म्हणाली, "आणखी एक हाये जी. धुऱ्यावर बायकांसाठी आडोसा पाहिजे. मुताले."

मालकाच्या बाजूला बसलेली माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली.

"बाप्पा, काय जमाना आला," मालक म्हणाला. "धुऱ्यावर संडास बांधू का? फरशी कोणती लावू?"

"फरशी नको जी. चार बांबू अन् तुमच्या भाजीच्या वाफ्याले लावली ते हिरवी नेट."

"ते जनावरं तोंड घालतात म्हणून लावली."

"आमच्याकडंबी जनावरं पाहतच असतात ना," आई म्हणाली, आणि छत्रीवाल्याकडे बघितलं.

मला वाटलं आता मागच्या बायका हसतील, निदान माना वर करतील. त्यांनी पदर तोंडावर घेतला. एक म्हणाली, "राहू द्या जी, आमची बाई दवाखान्यातून आल्यापासून अशीच बोलते." किळस कशाची येते म्हणून मला कोणी विचारलं तर मी खर्रा सांगणार नाही, ओकारी सांगणार नाही. मालकाची माफी मागणारा तो पदराआडचा आवाज सांगेन.

मालकानं नेट लावली नाही. तरी हुंडा घ्यावाच लागला.

पहिल्या दिवशी आईनं सोबत पाण्याची मोठी बाटली आणि एक जुनं लुगडं आणलं. ओळ अर्ध्या बांधीपर्यंत आली तेव्हा ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबली आणि चिखलातून धुऱ्याकडे चालू लागली. ओळ थांबली नाही. मी तिच्यामागं गेले. धुऱ्याच्या पलीकडच्या कोरड्या बांधीत ती बसली आणि मी लुगडं पसरून आडवी उभी राहिले. वाऱ्यानं दुसरं टोक सारखं उडत होतं. एका हातात एक टोक, दुसऱ्या हातात दुसरं, तरी एक बाजू उघडीच. छत्रीवाला बरोबर त्या बाजूला सरकला.

"काय जी," आई लुगड्यामागून ओरडली, "तुमच्या घरी कोणी मुतत नाही का? कधी पाहिलं नसन तं या, जवळून पाहा!"

तो चालता झाला, जरा भरभरच. ओळीतून कोणाचं तरी हसू फुटलं आणि लगेच दबलं.

आई परत आली तर तिच्या जागी काकूनं आणि पलीकडच्या बाईनं घाईनं लावलेले पऱ्हे वाकडे गेले होते. तिनं ते उपटून पुन्हा लावले. ती बाटलीतून पाणी प्याली. ऊन वर आलं. थोड्या वेळानं ती पुन्हा उठली.

मी हात धुऊन धुऱ्यावर पोचेपर्यंत लुगडं उघडलेलं होतं. एक टोक काकूच्या हातात होतं. ओळीत आता तीन जागा रिकाम्या होत्या आणि बाकीच्या बायका कमरा सरळ करून उभ्या होत्या. मी दुसरं टोक धरलं. काकूनं माझ्याकडे बघितलं नाही, आईकडेही नाही. छत्रीवाल्याच्या दिशेला पाठ करून, दूरच्या कुठल्याशा झाडाकडे बघत ती म्हणाली,

"लवकर करा ना बाई. मलेबी जाचं हाये."